काचेतला पानमळा

वॉटर्लू, ९ जानेवारी २०२६

ती. नीलिमाआत्या,

आधी दुरुस्ती. बंगालमधल्या बारुईडांग्यावरच्या माझ्या लेखात मी लिहिलं आहे की आई किंवा वडील वारले तर तिथला मुलगा महिनाभर एकच बिनशिवलेलं कापड अंगाला गुंडाळतो, त्याला लोखंडाची किल्ली बांधतो, दिवसातून एकदा नुसता मऊ भात खातो आणि पानवेलींमध्ये पाऊल टाकत नाही. हे चूक आहे. आई-वडिलांपुरतं ते नाही. चितेला जो अग्नी देतो त्याने हे पाळायचं, मग गेलेला माणूस त्याचा कोणीही असो. मी तिथे असताना एकच मरण पाहिलं, एका म्हातारीचं, आणि त्यावरून नियम करून टाकला. तिथल्या पुतुलला काल फोनवर लेख हिंदीतून सांगत होते, तेव्हा तिने चूक धरली. म्हणाली, "दीदी, आमच्याकडे मूलबाळ नसलेले काका गेले, तेव्हा अग्नी माझ्या जेठांनी दिला. म्हणजे कापडही जेठांनीच नेसलं." जेठ म्हणजे मोठे दीर, तुमच्याकडे असलेला सुबल.

मंडळाच्या वार्षिक अंकात लेख छापायला गेला नसेल तर एवढं बदलाल का? बाकीचं मी पुन्हा तपासलं. घरागणिक एक तळं, हे बरोबर. पानमळ्याला ते बोरोज म्हणतात, हेही बरोबर. आपल्याकडे शेवरीवर आणि पांगाऱ्यावर वेल उघडा चढतो; तिथे तागाच्या काड्यांच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आत संध्याकाळसारखा उजेड. अंघोळ केल्याशिवाय आणि चपला काढल्याशिवाय आत जात नाहीत. बाबाही तुमच्या माहेरच्या मळ्यात कामाला जाताना तसंच वागतात. म्हणून ते गाव मला परकं वाटलं नाही. सुतकात वेलींपाशी जायचं नाही हे मी शाळेत जायच्या आधी घरात शिकले होते.

अजून एक. पुतुलच्या घरी मी सहा आठवडे राहिले, म्हणून ती मला हक्काने विचारते. निताईचा, तिच्या नवऱ्याचा, नवीन वर्ष लागल्यापासून फोन नाही. सुबलचाही लागत नाही. दोघं भाऊ दीनानाथकाकांच्या पानवेलींच्या ग्रीनहाऊसमध्ये आहेत म्हणजे माझ्या लेखी घरीच आहेत, तरी तिच्यासाठी तेवढं विचारून कळवा. थंडीत फोन बिघडला असेल.

तुमची
जाई


विनिपेग, १६ जानेवारी

प्रिय जाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या काकांना दाखवलं नाही. का, ते सांगते.

इथे उणे तेहेतीस आहे. ड्राइव्हवे शोव्हल करून माझी कंबर गेली. स्नोब्लोअर घ्या म्हटलं तर काका म्हणतात, "एक्सरसाइज होतो, नीला." पंचाहत्तरीला एक्सरसाइज! असो.

निताई इथे नाही. त्याला अल्बर्टात जास्त चांगलं काम मिळालं, काकांनी स्वतः त्याला बसवर बसवलं, नवीन वर्षाच्या त्या पहिल्या वीकएंडलाच. मला निरोप घ्यायलाही आला नाही. मला वाईट वाटलं होतं. जेवायला रोज घरात यायचा, माझ्या आमटीला "डाल में चीनी?" म्हणून हसायचा.

आता सुबलचं. निताई गेल्यापासून हा बिथरलाय. ग्रीनहाऊसच्या बाहेरच्या छोट्या पडवीत बसून राहतो, आत वेलींकडे जात नाही. अंगावर एक पांढरं कापड, त्यावर मी दिलेली जुनी ब्लँकेट. दाढी वाढवलीय. मी दिलेलं खात नाही, स्वतःच पातेल्यात भात शिजवतो, तोही एकदाच. आणि ग्रीनहाऊसची जुनी लोखंडी किल्ली त्या कापडाच्या टोकाला बांधून ठेवलीय, मागितली तरी देत नाही. काका म्हणाले, "हा स्ट्राइक आहे. यांच्या बंगालमध्ये हेच चालतं." मी म्हटलं, सुतक तर नसेल? जाईने लिहिलंय ना. त्यावर काका म्हणाले, "जाईनेच लिहिलंय, फक्त आई-बापासाठी. ह्याचे दोघंही कधीच गेलेत." मला ते पटलं. तुझा लेख माझ्यासमोरच होता.

आणि मग तुझी दुरुस्ती आली.

मला जास्त काही विचारायचं नाहीये. तुला यातलं काय कळतं ते फक्त कळव. घरच्या पत्त्यावर लिहू नकोस. माझ्या मैत्रिणीच्या, शीलाच्या पत्त्यावर लिही, खाली दिलाय. फोन काका उचलतात, आणि ईमेल आमचं दोघांचं एकच आहे.

नीलिमाआत्या


वॉटर्लू, १९ जानेवारी

ती. आत्या,

पत्र आजच मिळालं. मी कोणावर आरोप करत नाही. जे मला माहीत आहे ते आणि जे मला वाटतं ते, दोन्ही वेगवेगळं लिहिते.

माहीत आहे ते असं. सुबलने नेसलं आहे ते अग्नी देणाऱ्याचं कापड आहे. किल्ली त्याने अडवून धरलेली नाही. लोखंड जवळ असावं लागतं, म्हणून ती बांधली आहे. तो संपावर असता तर आत जाऊन काम बिघडवलं असतं, किंवा निघून गेला असता. तो बाहेर बसला आहे ते वेलींना विटाळ होऊ नये म्हणून. आत्या, तो अजून तुमच्या वेलींची काळजी घेतो आहे.

पुतुलला मी लगेच फोन करून विचारलं, घरात कोणी वारलं का? नाही. सगळे नीट आहेत. तिने उलट विचारलं, "असं का विचारता, दीदी?" मी म्हटलं, लेखासाठी. हे खोटं होतं.

आता वाटतं ते. सुबलने गेल्या काही दिवसांत कोणाला तरी अग्नी दिला आहे, आणि तो बारुईडांग्यात दिलेला नाही.

म्हणून तीन गोष्टी विचारते. निताई बसमध्ये चढताना तुम्ही पाहिला का, की काकांनी सांगितलं? त्या सुमारास तुमच्या जागेत कुठे जाळ झाला होता का? आणि सुबल झोपतो कुठे?

तुम्हाला न विचारता मी एक गोष्ट केली आहे, ती सांगायलाच हवी. तुमच्या भागातल्या पोलिसांना आज दुपारी फोन केला. एक माणूस थंडीत उघड्यावर बसला आहे, तो ठीक आहे का एवढं पाहून या, असं म्हटलं. तुमचं नाव घेतलं नाही. निताईचंही घेतलं नाही, कारण मला काही ठाऊक नाही.

जाई


विनिपेग, २४ जानेवारी

जाई,

पोलीस आले होते. दोघे, तरुण, फार पोलाइट. मी चहा केला. काकांनी त्यांना ग्रीनहाऊस फिरवून दाखवलं, पानाचे वेल म्हणजे काय ते समजावलं, एकाने मोबाइलवर फोटोही काढले. सुबलला त्यांनी विचारलं, आर यू ओके? काकांनी त्याला हिंदीतून विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं, काकांनी इंग्रजीत केलं: "भाऊ नोकरीसाठी दुसरीकडे गेला म्हणून ही इज अ लिटल सॅड. हे त्याच्या धर्मातलं व्रत आहे." ते म्हणाले, ओ, लाइक लेंट! (त्यांचे ईस्टरआधीचे उपास.) आणि गेले. सुबल नेमकं काय म्हणाला ते मला कळलं नाही. तो अर्धं बंगालीत बोलतो. काकांना तरी कुठे बंगाली येतं?

म्हणजे तू काय केलंस बघ. आमच्या घरापुढे पोलिसांची गाडी, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. समोरची बाई पडदा सारून बघत होती.

मला तुझा राग आलाय आणि मी तो लपवणार नाही. तुमच्या घरात तुझ्याआधी सगळ्यांचा अंगठाच चालायचा. माझे बाबा तुझ्या आजोबांना म्हणाले, "पोरगी वेलीच्या दोऱ्या वळायला आणू नकोस, शाळेत घाल," म्हणून तू आज वॉटर्लूत बसून मला तीन प्रश्न विचारतेस. ते प्रश्नही कसले! जाळ झाला का म्हणे. हो, झाला. झाडांच्या फांद्यांचा आणि जुन्या पॅलेट्सचा ढीग मागच्या शेतात दोन वर्षं पडून होता, काकांनी तो पेटवला. इकडे सगळे शेतकरी बर्फ असतानाच जाळतात, आग पसरत नाही म्हणून. दुपारभर धूर होता. मी खिडकीतून पाहिला. त्यात विशेष काय आहे?

सुबल पूर्वी ग्रीनहाऊसमध्येच झोपायचा, दोघंही. वेलींना ऊब लागते म्हणून तिथे प्रोपेनचा हीटर असतो, तीच जागा सगळ्यात गरम. डोकं दुखतं म्हणायचे अधूनमधून. निताईला एकदा उलटी झाली. काका म्हणाले, दमट हवा मानवत नाही. भिंतीवरचा विषारी गॅसचा अलार्म सारखा वाजायचा म्हणून त्यांनीच काढून ठेवला. आता सुबल पडवीत झोपतो, पण तिला ग्रीनहाऊसचीच ऊब. हीटर तोच.

मी हे का लिहिते आहे मला कळत नाही. तू दुरुस्तीसाठी पत्र पाठवलं होतंस, तेवढ्यावरच थांबायला हवं होतंस. अंकात ती छापणार नाही.

नीलिमा


विनिपेग, २६ जानेवारी
(ईमेलने)

चि. जाई,

आशीर्वाद. तुझं शिक्षण उत्तम चाललं असेल.

शीलाताईंनी सौजन्याने मला सांगितलं की नीलाला लिहिलेली तुझी पत्रं त्यांच्याकडे येतात. ती मी वाचली. तुझं मराठी चांगलं आहे. बारुईडांग्यावरच्या लेखाचा कच्चा खर्डा वाचला तेव्हाही मी हेच म्हणालो होतो, आणि त्या लेखामुळेच ही दोन माणसं मी आणली, हे तू विसरत नसशील. म्हणजे जबाबदारीच्या गोष्टी करायच्या तर आपण दोघंही त्यात आलो.

नीला अलीकडे गोंधळते. वय झालं. तिच्या सांगण्यावर विसंबू नकोस.

सुबलची मानसिक अवस्था नाजूक आहे हे मला मान्य आहे. त्याचा महिना पुरा होऊ दे. शनिवारी, सात फेब्रुवारीला, मी त्याला गाडीने अल्बर्टाला त्याच्या भावाकडे पोचवणार आहे. भावाभावांनी एकत्र असावं. इथे कोणावरही अन्याय झालेला नाही. जे करायचं ते यथाविधी केलेलं आहे.

तू या देशात स्टडी परमिटवर आहेस. मी पन्नास वर्षांपूर्वी आलो तेव्हा आम्ही पोलिसांच्या वाटेला जात नव्हतो. खोटी तक्रार केल्याचा शिक्का बसला तर पुढचे सगळे अर्ज कठीण जातात. तुझ्या वडिलांना हे कळलं तर त्यांना काय वाटेल, याचा विचार कर.

दीनानाथ


विनिपेग, २८ जानेवारी

जाई,

हे ग्रोसरीच्या दुकानातल्या पोस्टाच्या काउंटरवर उभी राहून लिहिते आहे. काका गाडीत आहेत. त्यांना वाटतं मी मेथी निवडते आहे. एक्सप्रेसने पाठवते. शीलाकडे लिहू नकोस. तिचा दोष नाही, तिला वाटलं मी खरंच भ्रमिष्ट झालेय. उत्तर आमच्या लायब्ररीत पद्मजाच्या नावाने पाठव. ती काउंटरवर असते, मंगळवारी मी पुस्तकं बदलायला जाते.

निताई बसवर बसला नाही. त्या शनिवारी सकाळी तो उठलाच नाही. सुबल दाराच्या फटीपाशी झोपायचा, तिथे बाहेरची हवा येते, म्हणून उठला. तो धावत घरी आला, अनवाणी, बर्फातून. मी ९११ फिरवणार होते. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. म्हणाले, "व्हिजिटर म्हणून आणलेल्यांना कामाला लावलंय, नीला. घर जाईल. मी जेलमध्ये जाईन, या वयात." त्यांनी देवघरातली गंगाजळाची बाटली मागितली. मी दिली. ती मी दिली, जाई.

मग मी बेसमेंटमध्ये जाऊन वॉशिंग मशीन लावलं, रिकामंच. बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून.

सुबलला काकांनी काय सांगितलं माहीत आहे? की ह्या देशात पोलीस प्रेत ठेवून घेतात, महिनामहिना देत नाहीत, चिरतात, अग्नी मिळत नाही. म्हणून त्याने दिला. तो रडला नाही. त्याने आंघोळीला पाणी मागितलं, एवढंच.

काका मला अजून म्हणतात, "अग्नी दिला, मंत्र म्हटले. इथल्या क्रिमेटोरियममध्ये ह्याहून वेगळं काय करतात?" ते झोपतातही नीट. त्यांना खरंच तसं वाटतं. याचीच मला जास्त भीती वाटते.

दोघांचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहेत. शनिवारी सुबलला नेणार म्हणतात. अल्बर्टाला कुणाकडे नेणार, जाई? तिथे कोणी नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बघू वाटेत." काल त्यांनी गाडीच्या डिकीतली, बर्फात अडकलं तर लागते ती इमर्जन्सीची पेटी, ब्लँकेट, मेणबत्त्या, सगळं काढून गॅरेजमध्ये ठेवलं. उणे तीस असताना कोण काढतं?

मागच्या पत्रातलं ते अंगठ्याचं मी लिहायला नको होतं.

तू येणार असशील तर दिवस कळव. फाटकाला आतून कडी असते. मी ती काढून ठेवीन.

तुझी आत्या


वॉटर्लू, ३१ जानेवारी

ती. आत्या,

तुमचं पत्र मिळालं. काकांचंही मिळालं होतं. त्यांनी "त्याचा महिना पुरा होऊ दे" असं लिहिलं, तेव्हाच मला कळलं की त्यांना तो स्ट्राइक कधी वाटलाच नव्हता. माझ्या लेखातली चूक त्यांना सोयीची पडली, एवढंच.

मी घाबरले आहे. हे लिहायलाच हवं, नाहीतर बाकीचं खोटं वाटेल. काल दिवसभर मी इमिग्रेशनचे नियम वाचत बसले होते, पुतुलचे तीन फोन उचलले नाहीत. तिने हातातल्या शंखाच्या बांगड्यांचा फोटो पाठवला आहे, खाली लिहिलं आहे, "एकीला तडा गेला, नवीन घेऊ की ते आल्यावर घेऊ?" तिच्याकडे नवरा जिवंत असेपर्यंत त्या घालतात. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

संध्याकाळी मी ईशिताला भेटले. ती वकील आहे, मूळची बंगालमधल्या मेदिनीपूरकडची, परवान्याशिवाय अडकलेल्या कामगारांसाठी काम करते. तिला सगळं सांगितलं, जे माहीत आहे ते आणि जे वाटतं ते. तिने पहिली गोष्ट हीच विचारली: "पोलीस आले तेव्हा दुभाषी कोण होतं?" मी सांगितल्यावर तिने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे त्या माणसाला अजून कोणी काही विचारलेलंच नाही."

या वेळी दुभाषी ती असेल. तिने पोलिसांच्या वरच्या अधिकाऱ्यांशी माझ्यासमोर बोलणं केलं. मी माझं नाव, पत्ता आणि परमिटचा नंबर दिला. तुमचं नावही दिलं, आणि तुमचं शेवटचं पत्र दिलं. ते न देता पुढे जाता आलं नसतं. ते तुम्हाला प्रश्न विचारतील. गंगाजळाचं आणि वॉशिंग मशीनचंही विचारतील. मला वाटतं तुम्ही ते मला नाही, त्यांना सांगण्यासाठीच लिहिलं होतं. चुकत असेन तर क्षमा करा.

आजही मी, लगेच जा म्हणून, त्यांच्या मागे लागले. ते म्हणाले, शेत तपासायचा हुकूम न्यायालयातून यावा लागतो आणि राखेसाठी वेगळी माणसं लागतात. एकदा हात हलवत परत आलो आहोत, पुन्हा तसं व्हायला नको. तोवर तुमच्या रस्त्यावर एक गाडी थांबवतील. काकांनी त्याआधी सुबलला गाडीत बसवलं तर ती गाडी अडवतील. तरीही तुम्हाला दोन गोष्टी कराव्या लागतील. पडवीची वरची खिडकी रात्रंदिवस उघडी ठेवा, काढलेला अलार्म शोधून त्याच्या उशाशी ठेवा. वेली गारठून जातील. जाऊ देत. आणि सुबलला काही समजावायला जाऊ नका. तो ज्या भाषेत रडेल त्या भाषेत बोलणारं माणूस आम्ही घेऊन येतो आहोत.

बाबांना मी कालच फोन करून सगळं सांगितलं, म्हणजे काकांना ते काम राहिलं नाही. सगळं ऐकून बाबांनी आधी तुमची चौकशी केली. मग म्हणाले, "नीलाताईला सांग, कडी काढून ठेव म्हणावं, पण तू फाटकातून एकटी आत जाऊ नकोस." मी त्यांना शब्द दिला आहे. पुढे त्यांनी विचारलं, "त्या पोरीला कोण सांगणार?" पुतुलला मीच सांगणार आहे, फोनवर, मला येते तेवढ्या बंगालीत, सुबल माझ्या शेजारी बसलेला असताना. त्याच्याआधी नाही, आणि दुसऱ्या कोणाकडून नाही.

काका घरी असतील असंच धरून आम्ही येतो आहोत. त्यांच्यासाठी मला काही निरोप सुचत नाही.

बुधवारी रात्री मी आणि ईशिता विनिपेगला उतरू. तुमच्या फाटकाशी गुरुवारी सकाळी, पाच फेब्रुवारीला.

जाई